कोनफळाचा वेल आणि पीकवार हिशेब

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत कोकणातील आठवड्याच्या बाजारांतून मातीने माखलेली, ओबडधोबड अशी काही कंदमुळे विकावयास येतात. त्यांतील कोनफळ कापले असता आतून पांढरे किंवा गर्द जांभळे निघते. काटेकणगी आकाराने लहान, रताळ्याची आठवण करून देणारी. करांदा तर मुख्यतः वेलीवरच, पानाच्या बेचक्यात धरतो. ही तिन्ही एकाच कुळातील, आणि तिन्ही वेलींना चढावयास आधार लागतो. शहरातील ग्राहक त्यांची आठवण उपवासापुरती किंवा उंधियूपुरती ठेवतो. राज्याच्या शेतीविषयक चर्चेत ऊस, कापूस, कांदा आणि सोयाबीन यांवर जेवढी शाई खर्च होते, तिचा शतांशही या वेलांच्या वाट्याला येत नाही.

पीक कमअस्सल आहे म्हणून ही उपेक्षा झाली, असे म्हणता येणार नाही. कोनफळाचा वेल कधीच एकटा वाढत नाही. तो झाडाच्या, मांडवाच्या आणि शेजारच्या पाचसहा पिकांच्या संगतीने वाढतो. शासनाची, बँकांची आणि बहुतेक अर्थतज्ज्ञांचीही मोजपट्टी मात्र ‘एक शेत, एक पीक, एक हंगाम’ या मापाची आहे. या पट्टीने मोजावयास गेले की कोनफळ तोट्याचे ठरते किंवा दिसतच नाही. आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. हे केवळ हिशेबाच्या पद्धतीचे अपयश असते, तर त्याची फारशी खंत करण्याचे कारण नव्हते. परंतु त्यापायी घराच्या परसातील अन्नाचा एक भरवशाचा साठा नाहीसा होत आहे, आणि त्याबरोबर पुन्हा विकत न मिळणारे बेणेही.

प्रथम या वेलाची आणि त्याच्या संगतीची माहिती घेणे इष्ट होईल. कोनफळ म्हणजे वनस्पतिशास्त्रातील डायोस्कोरिया अलाटा. कोकणात त्यालाच घोरकंद असेही म्हणतात. त्याचे खोड चौकोनी असून कडांना पंखासारखी झालर असते. काटेकणगी म्हणजे डायोस्कोरिया एस्क्युलेंटा. तिच्या बुंध्याशी असलेली काटेरी मुळे कंदाचे रक्षण करतात, म्हणून हे नाव. गंमतीची गोष्ट अशी की, कोनफळाचा वेल आधाराला ज्या दिशेने विळखा घालतो, त्याच्या नेमका उलट विळखा काटेकणगी आणि करांदा घालतात. पाने आली नसतानाही जाणती माणसे नुसत्या विळख्यावरून वेल ओळखतात.

लावणी अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे होते. खड्ड्यात शेणखत, राख आणि पालापाचोळा घालून त्यावर कंदाचा पावशेराएवढा तुकडा ठेवावयाचा आणि माती ओढावयाची, एवढेच काम. पाऊस पडल्यावरही पहिले दीड-दोन महिने वेल रेंगाळतो. हा काळ तणाचा. मोकळी जमीन दिसली की तण तिचा ताबा घेते. येथे चवळी उपयोगी पडते. ती लवकर पसरते, जमीन झाकते, शेंगा देते आणि मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्रही देते. वेल हातभर वाढला की त्याला आधार हवा. तो बांबूचा असू शकतो, परंतु बांबूला पैसे पडतात. कुंपणाच्या कडेला लावलेला शेवगा, पांगारा किंवा गिरिपुष्प हा आधार फुकट देतो. शिवाय पांगारा आणि गिरिपुष्प ही शेंगवर्गीय झाडे असल्याने त्यांचा छाटलेला पाला खताच्या कामी येतो. वेल जमिनीवर लोळत राहिला तर पानांना ऊन कमी मिळते, करपा लवकर पसरतो आणि कंद पोसत नाही. म्हणजे आधाराचे झाड हे येथे शोभेचे नव्हे, उत्पादनाचे साधन आहे.

परसाच्या उरलेल्या भागात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी, कारली चढतात. सावलीत आले, हळद, अळू आणि सुरण वाढतात. बांधावर झेंडूची चार झाडे असली तर सणाला फुले होतातच, शिवाय मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही काहीसा आळा बसतो. या सर्वांची पाळी एकामागून एक अशी लागलेली असते, हे विशेष. श्रावण-भाद्रपदात मांडवावरच्या भाज्या निघतात. बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, या नियमाने होणारी ऋषिपंचमीची भाजी पाहिली तर ती बव्हंशी याच परसाची यादी आहे. आश्विनात मांडवावरचे वेल वाळतात, ऊन मोकळे होते, दिवस लहान होऊ लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास कोनफळाचा कंद जमिनीत झपाट्याने भरू लागतो. मार्गशीर्षात पाने पिवळी पडून वेल सुकला की खणणी. लगेच खणला नाही तरी कंद काही काळ जमिनीत सुरक्षित राहतो. खणून काढला तरी दोन-तीन महिने त्याला कोंब फुटत नाहीत. शीतगृहाशिवाय टिकणारे असे अन्न गरिबाच्या घरी फार थोडे असते.

अर्थात हे साहचर्य आपोआप जमत नाही. दाट सावलीत कोनफळ नुसते पाने वाढविते, आणि कोनफळाचा जोमदार वेल काकडीवर गेला तर काकडी बसते. कोणता वेल कोणत्या खांबावर सोडावयाचा आणि कोणाचा शेंडा केव्हा वळवावयाचा, हे ज्ञान परसात वावरणाऱ्या स्त्रियांच्या हातात असते आणि ते कोणत्याही कृषिपुस्तिकेत पुरते उतरलेले नाही. संशोधकांनी या विषयाकडे पाठ फिरविली, असे मात्र म्हणता येणार नाही. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून काम करीत असून नारळाच्या व केळीच्या बागांत आंतरपीक म्हणून या कंदांची शिफारस तिने केली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने घोरकंदाची ‘कोकण घोरकंद’ आणि काटेकणगीची ‘कोकण कांचन’ ही वाणे दिली आहेत. ज्ञान आहे, वाणे आहेत. मागणी नोंदविणारी व्यवस्था नाही.

परसातील ही संगत पानातही चालू राहते. शंभर ग्रॅम कोनफळात सुमारे ११८ उष्मांक असतात, म्हणजे बटाट्याच्या दीडपट. परंतु प्रथिने मात्र दीड ग्रॅमच्या आसपासच. त्यामुळे नुसत्या कंदावर पोट भरेल, शरीर पोसणार नाही. ही उणीव कोकणच्या स्वयंपाकाने पूर्वीच ओळखली असावी. रायगडात हिवाळ्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून जी पोपटी लावतात, तिच्यात वालाच्या शेंगांबरोबर कंद शिजतात. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या खतखत्यात कंदांना तुरीच्या डाळीची आणि तिरफळाची जोड असते. कोनफळाचे काप, खीर, मीठ घालून उकडलेली कणगी, असे प्रकार घरोघर वेगळे. कंद कच्चा मात्र खावयाचा नसतो. सोलतानाच हाताला खाज सुटते. रानातील कडू जातींबद्दल तर अधिकच सावधगिरी लागते. कातकरी, ठाकर, वारली ही मंडळी अशा कंदांच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्या खाण्याजोग्या होतात. प्रयोगशाळेचे नाव न ऐकलेल्या समाजाने विषारी द्रव्य अन्नातून काढून टाकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ‘मानवी भांडवल’ या प्रकरणात येत नाही, हा भाग वेगळा.

आता हिशेबाकडे वळू. कोनफळाची लावणी साधारणतः ९० सेंटिमीटर अंतराने करतात. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे १२५ वेल बसतात. प्रत्येकी २५० ग्रॅमचे बेणे धरले तर ३१ किलो बेणे लागते. वेलामागे दोन किलो कंद मिळाला तर गुंठ्यात २५० किलो. वेलामागे दोन किलो ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. याच मापाने हेक्टरी तीन टनांहून अधिक बेणे लागेल. भाताला या मानाने फारच थोडे बियाणे पुरते, हे लक्षात घेतले म्हणजे कोनफळाची खरी अडचण कळते. येथे बियाणे आणि अन्न एकच आहे. आलेल्या पिकाचा आठवा हिस्सा न खाता राखला, तरच पुढच्या वर्षी तेवढेच पीक येणार. उपभोग आणि बचत यांतील ओढाताण अर्थशास्त्राचा विद्यार्थी आलेखावर शिकतो. परसातील बाई ती माघ-फाल्गुनात टोपलीपाशी सोडवीत असते. घरात धान्य संपत आले, पाहुणा आला, आजारपण निघाले, की बेण्याला हात लागतो.

या अडचणीवर एक उपाय सापडलेला आहे आणि तो महागडाही नाही. पश्चिम आफ्रिकेत या कुळातील कंद हे मुख्य अन्न आहे. जगातील एकूण उत्पादनापैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या नायजेरियात होते. तेथील उमुडिके येथील कंदपीक संशोधन संस्थेने १९७० ते १९८० च्या दशकांत लघुबेण्याची पद्धत विकसित केली. पावशेराच्या तुकड्याऐवजी साल असलेले लहान तुकडे कापून, राखेत किंवा औषधात बुडवून, रोपवाटिकेत कोंब आणावयाचे आणि त्यांपासून पुढच्या वर्षीचे बेणे तयार करावयाचे. तिरुवनंतपुरमच्या संस्थेनेही ही पद्धत भारतीय जातींसाठी सुचविली आहे. एका कंदातून दहापट रोपे मिळू लागली तर खाणे आणि राखणे यांतील ओढाताण बरीच सैल होते. गावातील एका बचत गटाने दोन गुंठ्यांत हे काम केले तरी गावाच्या गरजेचा मोठा भाग भागू शकेल.

बेण्याचा प्रश्न दुसऱ्या एका कारणाने अधिक निकडीचा आहे. भाताचे बी सुकवून थंड पेढीत वर्षानुवर्षे ठेवता येते. कोनफळाची लागवड कंदाच्या तुकड्यावरून होते, त्यामुळे त्याचे वाण जिवंत ठेवावयाचे तर ते दरवर्षी कुठेतरी लावावेच लागते, किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने सांभाळावे लागते. एखाद्या घराने दोन वर्षे लावणी चुकविली की त्या घराचे वाण संपले. माहेरून आणलेला कंद, शेजारणीला दिलेला तुकडा, अशा देवघेवीतून टिकलेल्या या वाणांची कोणतीही पावती नसते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले पारंपरिक वाण नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. पण जो वेल परसातूनच गेला, त्याची नोंद करावयास कोण जाणार?

नोंदीचाच विषय निघाला आहे, तर तेथेही घटकाभर थांबले पाहिजे. सातबाऱ्याच्या बारा क्रमांकाच्या नमुन्यात मिश्र पिकांसाठी रकाने आहेत, ही त्या नमुन्याच्या कर्त्यांची दूरदृष्टीच म्हणावयाची. २०२१ पासून ई-पीक पाहणीही सुरू झाली. परंतु परस हा बहुधा घराच्या जागेचा, गावठाणाचा भाग; तेथे पीकपाहणीचा संबंधच येत नाही. बांधावरचा, कुंपणावरचा वेल तर कोणत्याही रकान्यात बसत नाही. पीककर्जाची मर्यादा पीकवार आणि हेक्टरी ठरते. केंद्र सरकार २२ पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करते आणि उसाचा दर वेगळा ठरविते. त्यांत एकही कंद नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरी पिकवून घरीच खाल्लेल्या अन्नाची किंमत धरावी, हे तत्त्व अर्थशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. तत्त्व आणि तलाठ्याचे दप्तर यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्यात कोनफळ नाहीसे होते.

मिश्र पिकांचे मोल मोजता येत नाही, ही सबब मात्र आता चालण्यासारखी नाही. मीड आणि विली या संशोधकांनी १९८० मध्ये जमीन-समतुल्य गुणोत्तराची कल्पना व्यवस्थित मांडली. समजा, एका गुंठ्यात एकट्या कोनफळाचे २५० किलो उत्पन्न येते आणि मांडवाच्या संगतीत ते २०० किलो येते. एकट्या काकडीचे जेवढे येते त्याच्या निम्मे या मांडवावर येते. पीकवार पाहणारा म्हणेल की, दोन्ही पिके घटली. परंतु ०.८ आणि ०.५ यांची बेरीज १.३ होते, म्हणजे एका गुंठ्याने सव्वा गुंठ्याहून अधिक जमिनीचे काम केले. ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याला या अपूर्णांकाचे महत्त्व वाटणार नाही. ज्याच्याकडे घरामागचे दोनच गुंठे आहेत, त्याला वाटेल.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की, उपासमार ही केवळ अन्नाच्या टंचाईने होत नाही. अन्नावर माणसाचा हक्क कितपत चालतो, यावर ती अवलंबून असते. मजुरी बुडाली, भाव चढले, दुकानात धान्य आलेच नाही, तरी परसात पुरलेल्या कंदावरचा हक्क अबाधित राहतो. तो मिळविण्यास रोकड लागत नाही आणि शिधापत्रिकाही लागत नाही. या दृष्टीने पाहता, कोनफळाची किंमत बाजारभावाने लावणे म्हणजे विम्याच्या पॉलिसीची किंमत कागदाच्या वजनावर लावण्यासारखे आहे.

मग बाजार मिळवून द्या, की प्रश्न सुटला, असे म्हणणारे भेटतील. त्यांनी याच कुळातील दुसऱ्या एका वेलाची कहाणी पाहावी. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदांतून मिळणाऱ्या डायोस्जेनिनपासून संप्रेरके बनविण्याचा मार्ग काढला, आणि पुढे संततिनियमनाच्या गोळ्यांपर्यंत त्याची मजल गेली. हेच द्रव्य हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया या वेलाच्या कंदातही असते. औषध कारखान्यांची मागणी आली आणि डोंगरउतारांवरून तो वेल पोत्यांनी खणला गेला. लावणी कोणी करीत नव्हते. खणणारे मात्र पुष्कळ होते. १९७५ पासून या वेलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. बाजार हा वेलाला वाचवितोच असे नाही. बेणे राखणारा हात आणि विकणारा हात एकच असेल, तरच तो उपकारक ठरतो. फिलिपिन्समध्ये ‘उबे’ या नावाने जांभळ्या कोनफळाचा हलवा आणि आइसक्रीम पूर्वीपासून होते आणि अलीकडे अमेरिकेपर्यंत त्याची चटक लागली आहे. उद्या ही लाट मुंबईच्या मिठाईवाल्यांपर्यंत आली तर कोकणच्या परसाला चार पैसे मिळतील, यात आनंदच आहे. पण त्याआधी बेणे वाढलेले असावयास हवे.

कोनफळ मागे पडण्याची खरीखुरी कारणेही आहेत. ती झाकून चालणार नाही. कंद जमिनीत दोन-तीन फूट खोल जातो आणि तो न तुटता काढणे हे दिवस खाणारे काम आहे. घरातील तरुण मुंबई-पुण्याला गेलेले, मागे राहिलेल्या वृद्ध दांपत्याने पहार कशी चालवावी? रानडुकरे एका रात्रीत सगळा परस उकरून टाकतात; माकडे करांदे वेलीवर ठेवीत नाहीत. अंगणाला फरशी आली, परसात मोटार उभी राहिली. यांतील काही गोष्टी कोणत्याही योजनेने बदलणार नाहीत. खणणीचा त्रास मात्र कमी करता येतो. सपाट खड्ड्याऐवजी मातीचा उंच ढीग करून किंवा माती-पालापाचोळ्याने भरलेल्या गोणीत लावणी केली तर कंद फार खोल जात नाही. काटेकणगीचे कंद तर मुळातच उथळ असतात. डुकरांपासून संरक्षण एकट्या घराने करणे कठीण. चार घरांचे परस मिळून एक कुंपण केले तर खर्च झेपतो.

सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. ग्रामीण शाळांना परसबाग करण्याचे शासनाचे धोरण आहेच. परंतु तेथे पालेभाज्यांची दोन वाफे लावून छायाचित्र काढले जाते आणि उन्हाळ्याच्या सुटीत सर्व वाळते. कोनफळाची रीत शाळेच्या वर्षाशी अधिक जुळणारी आहे. लावणी सुटी लागताना करावयाची, त्या दिवसांत त्याला पाणी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पावसाबरोबर कोंब वर आलेले असतात. कुंपणाचा शेवगा आधाराला, पायथ्याशी चवळी, मांडवावर दोडका. जानेवारीत एका गुंठ्यातून २५० किलो निघाले आणि त्यांतून ३१ किलो बेणे राखले, तर सुमारे २१९ किलो खावयास उरते. साठ मुलांना प्रत्येकी शंभर ग्रॅमप्रमाणे एका जेवणाला सहा किलो लागतात. साठवणीतील घट सोडून दिली तरी तीस जेवणे सहज होतात. आठवड्यातून दोनदा दिले, तर शाळेच्या शेवटच्या दिवसांपर्यंत पुरते. पोषण आहाराच्या खिचडीत डाळ असतेच. राखलेल्या बेण्यातून पाचपाच तुकडे मुलांच्या हाती घरी द्यावेत आणि पुढच्या हंगामात तेवढेच शाळेला परत घ्यावेत. याला निधी लागत नाही. लागते ती शाळेच्या जमाखर्चाच्या वहीत ‘बेणे’ या नावाची एक ओळ.